लांब केसांच्या कुत्र्याची घरच्या घरी निगा : सोलापूरचं ऊन, कुसळं आणि नळाची पाळी सांभाळून

खंडू आमच्याकडे आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. गोल्डन रिट्रीव्हर, नुसता कापसाचा गोळा. पहिला उन्हाळा लागला, एप्रिलातच पारा चाळीसच्या वर गेला आणि हे पोर दिवसभर फरशीवर पोट टेकून धापा टाकायला लागलं. येणारा-जाणारा एकच सांगायचा, "अहो, एवढी लोकर अंगावर! भादरून टाका की सरळ." मलाही ते पटलं. एका दुकानात नेलं, त्यांनी मशीन फिरवून मेंढरासारखं कातरून हातात दिलं. धापा होत्या तेवढ्याच राहिल्या. वर उन्हानं पाठीची कातडी लाल झाली, आणि नंतर केस आले ते ठिगळाठिगळांनी. आतली लव भराभर वाढली, वरचे लांब केस मागेच राहिले. अंग पहिल्यासारखं भरायला दीड वर्ष गेलं. तेव्हापासून खंडूची सगळी निगा घरीच होते. वहिनीची ल्हासा ॲप्सो, मुन्नी, तीही महिन्यातून दोनदा माझ्याकडेच येते.

तुमच्याकडे नुकतंच असं केसाळ पिल्लू आलं असेल तर एक प्रश्न मनाशी पक्का धरा: कंगवा कातडीपर्यंत पोचला का? वरून चमकणारं कुत्रं आतून नमद्यासारखं गच्च झालेलं असू शकतं. नव्या माणसाची निम्मी फसगत इथेच होते.

आधी केस ओळखा

गोल्डन, जर्मन शेफर्ड, पॉमेरियन (आपल्याकडे ज्याला सर्रास पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो) यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, जरा राठ केस आणि आत मऊ, दाट लव. वरचा थर ऊन आणि पाणी कातडीपर्यंत जाऊ देत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडासा पंजांच्या गाद्यांना येतो, बाकीची उष्णता जिभेवाटे, धापा टाकून बाहेर जाते. म्हणून केस उतरवल्यानं त्याला आपल्याला वाटतो तेवढा गारवा मिळत नाही, उलट उन्हाची आडोशाची भिंत जाते. गारवा हवा असेल तर आतली मेलेली लव विंचरून काढायची, म्हणजे केसांतून वारा खेळतो. दोन थरांच्या कुत्र्याला वस्तरा किंवा मशीन लावायचं ते डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी किंवा जखमेसाठी सांगितलं तरच.

ल्हासा आणि शिह त्झूचं गणित वेगळं. त्यांचे केस आपल्या केसांसारखे वाढतच राहतात, गळतात कमी आणि गुंततात फार. त्यांचे केस आखूड ठेवायला हरकत नाही. मुन्नीचे आम्ही मार्च ते जून इंचभरच ठेवतो. अगदी कातडी दिसेपर्यंत मात्र तिचेही काढत नाही.

आपल्या भागात, कर्नाटकाच्या बाजूला, कारवान कुत्र्याचा केसाळ भाऊ शोभेल असा पश्मी दिसतो. कानांना, शेपटीला आणि पायांच्या मागे झालर, बाकी अंग सडपातळ. त्याला झालरीपुरता कंगवा आणि अंगावरून ओला पंचा फिरवला की झालं. भाग्यवान मालक!

सामान

पिनांचा चौकोनी स्लिकर ब्रश आणि स्टीलचा कंगवा, ज्याचे अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असतात, या दोन वस्तू चांगल्या घ्या. बाकीत काटकसर चालेल. स्लिकर घेताना आपल्याच मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. तिथे ओरखडा उठला तर कुत्र्याच्या पोटावरही उठेल. दोन थरांच्या कुत्र्यासाठी लव ओढून काढणारं छोटं दंताळं मिळतं, तेही घ्या. पातं लावलेली जी हत्यारं भरमसाट केस काढून दाखवतात त्यांच्यापासून जरा लांब राहा. ती लवेबरोबर वरचे चांगले केसही कापतात.

शिवाय बोथट टोकाची कात्री, कुत्र्यांचा नखकटर, बारीक चिमटा, वाटीभर कॉर्नफ्लोअर आणि कुत्र्यांचा शांपू. आपला शांपू वापरू नका, लहान बाळाचा सौम्य असला तरी नको. माणसाची कातडी किंचित आम्ल असते, कुत्र्याची त्या मानानं उदासीन. आपल्या शांपूनं ती कोरडी पडते आणि मग खाजवणं सुरू होतं. डेटॉल, फिनेल, रॉकेल यांतलं काहीही अंघोळीच्या पाण्यात घालायचं नाही. कुत्रं अंग चाटतं, ते सगळं पोटात जातं.

आणि जुनी सोलापुरी चादर. ती विकत आणायची गरज आपल्या गावात कुणालाच पडत नाही. टेबलावर चौघडी घालून पसरली की कुत्र्याचे पाय घसरत नाहीत, आणि पाय घसरले नाहीत की निम्मं भांडण संपतं.

सवय लावणं

पहिले आठ-दहा दिवस केस विंचरायचेच नाहीत. ब्रश दाखवायचा, हुंगू द्यायचा, पाठीवरून दोनदा फिरवायचा, खाऊ द्यायचा, संपलं. दोन मिनिटं. रोज पंजा हातात धरा, बोटं फाकवा, कान उलटून बघा, ओठ वर करा. पुढे नखं कापताना हीच सवय कामाला येते. फिरवून आणल्यावर, दमलेलं असताना बसवलं तर निवांत बसतं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, शोभेच्या दारूकामाच्या रात्री असला उद्योग काढू नका. खंडू त्या रात्री पलंगाखालून बाहेर येत नाही, आणि मी एकदा त्याला ओढून बसवलं त्याची शिक्षा महिनाभर भोगली.

खाऊ म्हणजे उकडलेल्या अंड्याचा तुकडा, गाजर, काकडी. आपल्याकडे पाहुणा आला की कुत्र्यापुढेही चार बेदाणे टाकतो. हे आजपासून बंद. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. शेंगाचटणी लावलेला भाकरीचा तुकडाही नको, त्यात लसूण असतो.

विंचरणं : खरं काम इथेच

लांब केसांना एक दिवसाआड, ल्हासा-शिह त्झूला रोज. कोरड्या ठक्क केसांवर ब्रश मारला तर केस तुटतात, आणि आपल्या हवेत तर हिवाळ्यापासून जूनपर्यंत सगळं कोरडंच. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी घेऊन त्यात चमचाभर कुत्र्यांचा कंडिशनर घाला आणि हलका शिडकावा करा. ओलं करायचं नाही, दमट करायचं.

कुत्र्याला एका कुशीवर झोपवा. सुरुवात मागच्या पायाच्या तळापासून. डाव्या हातानं केस वर उचलून धरा, म्हणजे खाली कातडीची एक रेघ उघडी पडेल, जशी आपण भांग पाडतो तशी. त्या रेघेतून थोडेसे केस खाली सोडा आणि तेवढेच विंचरा, आधी टोकाकडचे, मग मधले, शेवटी मुळाकडचे. पुन्हा बोटभर केस सोडा. असं थरावर थर करत पाठीपर्यंत जा. ब्रश दाबायचा नाही, मनगट सैल ठेवून उचलत उचलत चालवायचा. एक बाजू झाली की स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत फिरवून बघा. तो न अडकता गेला तरच ती बाजू झाली. कुठे अडकला, तिथे गुंता आहे, ब्रशनं काहीही सांगितलं तरी.

पहिल्यांदा तासभर लागेल. एका बैठकीत सगळं उरकायची गरज नाही. आज मागचे पाय, उद्या पोट.

गुंता कुठे बसतो हे ठरलेलं आहे: कानांच्या मागे, काखेत, मांडीच्या आत, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी. पट्टा घरात काढून ठेवलात तर गळ्याखालचा गुंता निम्मा होईल. गाठ सापडली की तिच्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, मुळाशी दोन बोटांनी केस घट्ट धरा म्हणजे ओढ कातडीला बसणार नाही, आणि कंगव्याच्या शेवटच्या दोन दातांनी कडेकडेनं गाठ उसवत या. सुटत नसेल तर गाठ आणि कातडी यांच्या मधे कंगवा आडवा घाला आणि त्याच्या वरच्या बाजूनं, बाहेरच्या दिशेनं कात्रीनं उभी चीर द्या. कंगवा मधे नसताना कात्री लावू नका. गाठीबरोबर कातडी ओढली जाऊन वर येते, ती केसांत दिसत नाही, आणि कचकन कापली जाते. मुन्नीच्या काखेत दोन टाके पडलेत. कात्री वहिनीची होती, माझी नव्हे, हे इथे नोंदवून ठेवते.

गाठी एकमेकींत मिसळून जाजम झालं असेल तर घरी झगडू नका. डॉक्टरांकडे किंवा जाणत्या माणसाकडे नेऊन तेवढा भाग उतरवून घ्या. खाली जखम असू शकते.

कुसळं

याला वेगळी जागा द्यायला हवी. पाऊस संपला की विजापूर रोड, होटगी रोडच्या पलीकडच्या माळावर, जुळे सोलापुरातल्या रिकाम्या प्लॉटवर गवत वाळतं आणि कुसळं झडायला लागतात. कुसळाचं टोक सुईसारखं आणि अंगावर उलटे बारीक केस, त्यामुळे ते फक्त पुढे जातं, मागे येत नाही. आपल्या सॉक्समधून काढताना जो वैताग येतो, तेच कुत्र्याच्या बोटांमधे रुतलं की कातडीत शिरून पुढे सरकत राहतं. गाठ येते, पू होतो, कुत्रं तो पंजा सारखा चाटत बसतं.

सप्टेंबरअखेर ते जानेवारी, फिरवून आणल्यावर दारातच पाच मिनिटं. प्रत्येक पंजाची बोटं फाकवून बघा, काखा, मांड्या, कानाची आतली बाजू, डोळ्यांचे कोपरे. वर दिसणारं कुसळ चिमट्यानं, शिरलं त्याच रेषेत मागे ओढा. कुत्रं अचानक एकाच बाजूला डोकं झाडायला लागलं किंवा मान तिरकी धरून चालायला लागलं तर कुसळ कानात गेलं असण्याची शक्यता धरा. तेल घालणं, बड घालणं काहीही करू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सराटे त्या मानानं सज्जन. टोचतात, कुत्रं तीन पायांवर उभं राहतं, तुम्ही काढता, विषय मिटतो.

या दिवसांत पंजाच्या गाद्यांमधले केस कात्रीनं गादीच्या पातळीला आणून ठेवा. कुसळ अडकायला जागाच उरत नाही आणि फरशीवर पायही घसरत नाहीत.

अंघोळ

न विंचरता अंघोळ घालायची नाही. गुंत्यावर पाणी पडलं की तो वाळताना आणखी आवळतो, आणि आत शांपू अडकून राहतो. नवीन माणूस आधी अंघोळ घालतो आणि मग विंचरायला बसतो. बरोबर उलटं करायचं.

तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरे. दर रविवारी घातली तर कातडीचं तेल निघून जातं आणि केस गवतासारखे होतात.

आता पाणी. आपल्याकडे नळ रोज येत नाहीत, तेव्हा खंडूची अंघोळ नळाच्या पाळीवर ठरते. बोअरचं पाणी जड असतं, त्यात शांपूला फेस येत नाही आणि तो केसांवर पांढुरकी साय धरून बसतो. मी अंग भिजवायला बोअरचं पाणी वापरते आणि शेवटचं धुणं उजनीच्या, म्हणजे नळाच्या पाण्यानं करते. गोल्डनला चार बादल्या लागतात, मुन्नीला दीड. एप्रिल-मेमधे गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. नळी सरळ कुत्र्यावर धरू नका, आधी पाणी सोडून द्या (बादलीत, वाया नको) आणि कोपराला लावून बघा. कोमटाच्या जरा अलीकडचं हवं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत, थंडीत अकरानंतर.

कानांत पाणी जाऊ नये म्हणून कापसाचा सैल बोळा ठेवा, नंतर तो काढायची आठवण ठेवा. मोरीत रबरी पायपुसणं टाका. मानेपासून मागे भिजवत जा, तोंड शेवटी. दोन थरांच्या केसांत पाणी वरून घरंगळून जातं, म्हणून बोटांनी केस फाकवून कातडी भिजली का बघा. शांपू मग्गाभर पाण्यात कालवून मगच ओता, थेट ओतला तर एका जागी चिकटतो. केसांच्या दिशेनं बोटं चालवा. साडी धुतल्यासारखं गोल गोल चोळलं की नवे गुंते तयार. तोंड नुसत्या ओल्या फडक्यानं पुसा.

धुवून काढायला शांपू लावायच्या दुप्पट वेळ द्या. पोटाखालून, काखेतून निथळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. अंघोळीनंतर दोन दिवसांनी सुरू होणारी खाज बहुतेक वेळा राहून गेलेल्या शांपूची असते.

वाळवणं

आपल्या गावाच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याची खरी परीक्षा ओल्या गोल्डनवर होते. दोन टॉवेल लागतात. खसाखसा पुसायचं नाही, टॉवेल दाबून धरायचा, पाणी पिऊ द्यायचा, सरकवायचा. मग ड्रायर असेल तर अगदी मंद, तळहातावर सहन होईल इतकाच, वीतभर लांबून आणि सतत हलता. त्याच वेळी दुसऱ्या हातानं विंचरत राहा.

"ऊन आहे की, वाळेल आपोआप" हे मीही म्हणायचे. वरचे केस अर्ध्या तासात वाळतात, आतली लव संध्याकाळपर्यंत ओली राहते. तीन पावसाळ्यांपूर्वी खंडूच्या मांडीवर रात्रीतून तळहाताएवढा चट्टा उठला, ओला, लाल, वास मारणारा. डॉक्टरांनी बोटानं केस फाकवून दाखवलं, लव तिथे अजून दमट होती. आता पंख्याखाली बसवते आणि कातडीला बोट लावून खात्री केल्याशिवाय सोडत नाही.

नखं, कान, डोळे

फरशीवर टकटक वाजायला लागली की नखं कापायची. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबा. काळ्या नखात काही दिसत नाही, म्हणून तांदळाएवढं, पुन्हा तांदळाएवढं कापा आणि कापलेल्या नखाचं टोक बघत राहा. मधोमध ओलसर गडद ठिपका दिसला की पुरे. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर बोटानं दोन-तीन मिनिटं दाबून धरा, घाबरून आरडाओरडा करू नका. तुम्ही ओरडलात की पुढच्या वेळी तो कटर बघूनच पळेल.

कान आठवड्यातून एकदा हुंगा. हो, हुंगाच. आंबूस वास, काळसर मळ, लाली, यांतलं काही असेल तर डॉक्टर. एरवी डॉक्टरांनी दिलेलं कान धुण्याचं औषध कापसावर घेऊन बोट जाईल तेवढंच पुसा. शिह त्झू, ल्हासाचे डोळे उकळून गार केलेल्या पाण्याच्या बोळ्यानं रोज पुसायचे आणि डोळ्यांवरचे केस सैल शेंडी बांधून वर घ्यायचे.

शेपटीखालच्या ग्रंथी घरी दाबू नका. कुत्रं फरशीवर बूड घासत असेल तर दवाखान्यात न्या.

गोचीड

विंचरताना बोटाला वाटाण्यासारखं काही लागलं तर तो बहुधा रक्त पिऊन फुगलेला गोचीड. कानांत, बोटांमधे, पट्ट्याखाली हटकून. चिमटा अगदी कातडीलगत धरा, सरळ आणि सावकाश ओढा, पिळू नका. काडीचा चटका, रॉकेल, नेलपॉलिश हे प्रकार करू नका. बोटांनी चिरडू नका, स्पिरिटमधे किंवा साबणाच्या पाण्यात टाका. गोचिडापासून ताप येतो: कुत्रं जेवण सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. असं काही दिसलं तर एक दिवसही थांबू नका, वेळेत उपचार झाले तर कुत्रं बरं होतं.

एक गोचीड म्हणजे घरात आणखी असणार. ते भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात अंडी घालतात. कुत्र्यावर औषध आणि घरात भेगा बुजवणं, दोन्ही एकदमच केलं तर उपयोग. औषध वजनावर ठरतं, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्या. घरात मांजर असेल तर ते आवर्जून सांगा, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

विंचरून निघालेले केस मी गच्चीच्या कठड्यावर ठेवायचे. बुलबुल येऊन घरट्यासाठी उचलून न्यायचे, बघायला गंमत वाटायची. अंगावर टाकायचं गोचिडाचं औषध सुरू झाल्यापासून ते बंद केलंय, औषधाचा अंश केसांत राहतो आणि पिल्लं त्यातच वाढतात. आता ते केस कागदात गुंडाळून घंटागाडीत.